अथवा समकक्ष अनुभव

'अथवा समकक्ष अनुभव' हे तीन शब्द जाहिरातीत घालायला फार खर्च येत नाही. छोट्या जाहिरातीत शब्दावर पैसे मोजतात, तेवढेच जास्त. खरा खर्च दुसऱ्या दिवशी सुरू होतो, कारखान्याच्या गेटवर माणसं येऊन उभी राहतात तेव्हा. डिप्लोमाची अट असली की निम्मी निवड कागदच करून देतो. अट काढली की समोरच्याला काय येतं हे आपल्यालाच शोधावं लागतं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये माणसं घेण्याचं काम मी पंचवीसेक वर्षं केलं. आधी टाइम ऑफिसात, मग पर्सोनेलमध्ये. पुढे त्याच खुर्चीला एच.आर. म्हणायला लागले. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पटत गेली. शिक्षणाऐवजी अनुभव चालतो, चांगला चालतो. पण कागद जे काम फुकटात करून देत होता ते मग नोकरी देणाऱ्याच्या अंगावर येतं. ते अंगावर घ्यायची तयारी नसेल तर त्या तीन शब्दांना हात लावू नये.

आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. उसाचे चरक, मग ऑइल इंजिनं, मग मोटारींचे भाग अशी इथल्या ओतकामाची चाल. म्हादबा मेस्त्री शेळके यांचं नाव कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून आदराने घेतात ते त्यांच्या हातातल्या कसबासाठी, कुठल्या पदवीसाठी नव्हे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला. रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती सुटली आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. कामगार मेळाव्याच्या भाषणात ही उदाहरणं हमखास येतात आणि टाळ्या घेऊन जातात. मला मात्र ती आमच्या कामाला लागू पडत नाहीत असंच वाटत आलं. ही माणसं कुणाच्या दारात नोकरी मागत उभी नव्हती. मालक व्हायला कागद लागत नाही, नोकर व्हायला लागतो. आमच्या गेटवर उभा असायचा तो नोकर व्हायला आलेला माणूस.

एकदा मेल्टिंग सुपरवायझरची जागा निघाली. नियमाप्रमाणे मेटलर्जीचा डिप्लोमा हवा. डिप्लोमावाली मुलं पुण्याकडे पळत होती, राहणारं कुणी मिळेना, म्हणून जाहिरातीत ते तीन शब्द घातले. आलेल्यांत पंचेचाळिशीतला एक माणूस होता. नववी नापास, आधीची फौंड्री बंद पडलेली. केबिनमध्ये तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मेल्टिंगमध्ये काय काय केलंय?"

"सगळं केलंय की मॅडम."

"सगळं म्हणजे काय?"

"सगळं म्हंजे... सगळंच."

मुलाखतीच्या तक्त्यावर 'संवादकौशल्य' असा एक रकाना होता. तिथं त्याला काय मार्क द्यावेत हे मला कळेना. वर्क्स मॅनेजर जुन्या वळणाचे होते. ते उठले आणि म्हणाले, "हितं बसून काय कळणार? खाली चला."

खाली भट्टी उतरायच्या बेतात होती. साच्यांत लोखंड ओतण्याआधी थोडा रस पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात ओततात. त्या तुकड्याला वेज म्हणतात. तो गार करून हातोड्याने फोडायचा आणि मोडलेलं तोंड बघायचं. टोकाकडचा भाग पांढरा, चकचकीत दिसतो. जाड बाजू करडी. पांढरा पट्टा रुंद असेल तर कास्टिंग कडक होणार आणि मशिन शॉपमध्ये टूल खाणार. पट्टा जवळजवळ नसेलच तर लोखंड नको तितकं मऊ. कितपत पांढरं चालेल हे त्या त्या कास्टिंगच्या जाडीवर ठरतं. त्या माणसाने वेज फोडली, दाराकडच्या उजेडात धरली, मोडलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सिलिकॉन कमी पडलाय. कार्बन बी जरा खाली हाय." लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरला दुसरा नमुना गेलेला होताच. आकडे आले, ते हेच सांगत होते.

वर्क्स मॅनेजर तेवढ्यावर थांबले नाहीत. "अर्ध्या टनाची भट्टी हाय. सिलिकॉन पाव टक्क्याला थोडा कमी वाढवायचाय. फेरोसिलिकॉन किती टाकशील?" तो म्हणाला, दीड किलो. "आणि भट्टी साडेसातशे किलोची असती तर?" तो थोडा थांबला, ओठ हलले, आणि म्हणाला, "सव्वा दोन." हिशेब बरोबर होता. मग त्याच्या हातात लॉगशीट दिलं. अक्षर मुलासारखं मोठं मोठं, पण आकडे नेमक्या रकान्यात.

केबिनमधला अर्धा तास आणि भट्टीजवळची दहा मिनिटं यांतला फरक मी तिथं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. वेज वाचता येणं ही एक गोष्ट. प्रमाण साधता येणं ही दुसरी. लिहून ठेवता येणं ही तिसरी. डिप्लोमा असता तर या तिन्ही आहेत असं आम्ही गृहीत धरलं असतं. नव्हता, म्हणून तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागल्या. आणि खरं सांगायचं तर डिप्लोमावाल्यांच्या बाबतीत ते गृहीतही बऱ्याचदा खोटं निघतं.

पुढे आमच्याकडे तसा पायंडा पडला. ज्याला कागद नाही त्याची परीक्षा कामाच्या जागी, कामाच्या वेळी, त्या खात्यातल्या दोघांसमोर. दोघं अशासाठी की एकटा फोरमन आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस सहज पास करतो. चाचणीच्या दिवसाची हजेरी भरायची आणि त्या दिवसाचा पगार द्यायचा, हा आग्रह मी धरला. काही ठिकाणी 'ट्रायल' म्हणून आठवडाभर माणूस फुकट राबवून घेतात आणि शनिवारी 'कळवतो' म्हणून घालवतात. भट्टीजवळ माणूस उभा केला की त्याला भाजलं तर जबाबदारी आपली असते. ती झटकायची म्हणून हजेरीच घ्यायची नाही, ही रीत जुनी आहे.

त्यानंतर आम्ही आणखी एक काम केलं, कंटाळवाणं पण फार उपयोगी. प्रत्येक जागेसाठी जी शैक्षणिक अट होती तिच्यापुढे खात्याच्या प्रमुखाला विचारायचं, यातलं नेमकं काय हवंय? ड्रॉइंग वाचता यायला हवं? टक्केवारी यायला हवी? ग्राहकाची इंग्रजी मेल समजायला हवी? की का होतं हे सांगता यायला हवं? बऱ्याच जागांना उत्तर असं आलं की आधीच्या माणसाकडे डिप्लोमा होता म्हणून पुढच्याकडेही हवा. काही जागांना मात्र अट खरोखरच हवी होती. ते वेगळं काढल्याशिवाय अनुभवाला 'समकक्ष' कशाच्या, हे ठरतच नाही.

कोअर शॉपचं उदाहरण सांगते. कास्टिंगच्या आत पोकळी हवी असेल तिथं वाळूचा गाभा बसवतात, तो कोअर. हे काम आमच्याकडे बायका करतात. गाभे घासायचे, सांधे भरायचे, वॉश लावायचा. तिथं कोअर तपासणीसाची जागा होती आणि अट आय.टी.आय.ची. खात्यातली एक बाई बरीच वर्षं काम करत होती, शाळा चौथीपर्यंत. शेल कोअर हातात घेतला की ती आधी रंग बघायची. पिवळट असेल तर कच्चा, त्यातून गॅस सुटणार आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल येणार. काळपट असेल तर जळालेला, ठिसूळ, ओतताना वाळू सुटणार. मधासारखा तपकिरी हवा. मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकायची. तिने बाजूला काढलेले कोअर आणि आय.टी.आय. झालेल्या मुलाने बाजूला काढलेले कोअर आम्ही काही दिवस वेगळे ठेवून पाहिले. मुलगा जे पास करत होता त्यातलेही काही ती परत काढत होती, आणि कापून पाहिलं तर ती बरोबर असायची.

तरी अडचण होती. तपासणीसाने रिजेक्शनचा तक्ता भरायचा असतो, दोषाचं नाव इंग्रजीत, संख्या, मशिन नंबर. तिला आकडे येत होते, इंग्रजी नावं येत नव्हती. मॅनेजर म्हणाले, मग झालं, नाही जमणार. आम्ही त्या तक्त्यात दोषांच्या नावांऐवजी फोटो टाकले आणि फोटोखाली संख्या लिहायची जागा ठेवली. एका दुपारचं काम. तिला ती जागा मिळाली. आय.टी.आय.ची अट तिथं इंग्रजी सात शब्दांसाठी बसली होती, आणि ते कुणाला माहीतही नव्हतं.

अनुभवाच्या नावाखाली काय काय येतं हेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. सीएनसी ऑपरेटरच्या मुलाखतीला एक जण आला, बारा-तेरा वर्षांचा अनुभव घेऊन. एकाच मोठ्या कंपनीच्या व्हेंडरकडे काम केलेलं. मशिनवर उभा केला, हात सराईतासारखे चालले. जॉब लावणं, दार लावणं, सायकल स्टार्ट. मग सेटरने एक तयार जॉब त्याच्या हातात दिला. त्याचा बोअर वीस मायक्रॉनने लहान आला होता. आता काय करशील? टूल झिजलं की बोअर लहान येतो. ऑफसेटमध्ये तेवढी दुरुस्ती द्यायची, हे या कामातलं रोजचं. तो म्हणाला, "सेटरला बोलवतो." बारा वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याला दोष कसा द्यायचा? त्या कारखान्यात ऑपरेटरने ऑफसेटला हात लावला तर दंड होता. मशिन महाग, म्हणून माणसाला शिकू द्यायचं नाही, असं त्यांचं गणित. त्याच्या अनुभवपत्रावर मात्र बारा वर्षं लिहिलेली होती आणि ती खरीही होती. तेव्हापासून मी वर्षं विचारायचं सोडलं. त्याऐवजी विचारायचे: शेवटचं बिघडलेलं काम सांगा. काय बिघडलं, तुम्हाला कधी कळलं, तुम्ही काय केलंत? ज्याने खरोखर काम केलंय तो यावर पंधरा मिनिटं बोलतो. केबिनमध्ये गप्प बसणारासुद्धा बोलतो.

अनुभवपत्राची कथा वेगळीच. शिक्षणाचा कागद नको म्हणून आपण अनुभव मागतो, तर अनुभवाचाही कागदच येतो. एका वर्षी चार-पाच जणांची अनुभवपत्रं आली, वेगवेगळ्या फौंड्र्यांची. मजकूर शब्दन् शब्द एक, स्पेलिंगची चूकसुद्धा एक. त्यातल्या दोन फौंड्र्या केव्हाच बंद झालेल्या, विचारणार कुणाला? मग आम्ही पी.एफ.चं पासबुक बघायला लागलो. २०१४ पासून यू.ए.एन. आल्यावर माणसाचा सगळा प्रवास एका नंबरखाली दिसायला लागला आणि खोटी पत्रं बरीच कमी झाली.

पण त्यातही गोम आहे. ज्याचा पी.एफ. भरला गेला त्याचाच अनुभव दिसतो. ठेकेदाराकडे दहा वर्षं मोल्डिंग केलेला माणूस कागदावर दोन वर्षंच सापडतो, कारण ठेकेदाराने मधली वर्षं भरलीच नाहीत, किंवा दर वर्षी नवी नावनोंदणी दाखवली. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. वर्षानुवर्षं साचे भरणारा माणूस हजेरीपटावर अकुशल म्हणूनच चालू असतो; पगार कमी द्यावा लागतो ना. आणि घरी कोअर घासणाऱ्या बायकांचा तर कुठल्याच रजिस्टरला पत्ता नाही. ज्यांच्यासाठी अनुभवाचं दार उघडलं असं आपण म्हणतो, त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांकडे अनुभवाचा पुरावा नसतो. म्हणून फिरून मुद्दा तिथंच येतो: काम करून दाखवायला लावणं. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मेल्टिंगवाल्या त्या सुपरवायझरचं पुढं काय झालं ते सांगते, कारण अनुभवाची हद्द कुठं संपते हे मला त्याच्यामुळेच कळलं. काही वर्षांनी कंपनीला एस.जी. आयर्नची ऑर्डर मिळाली. ग्रे आयर्नमध्ये तो राजा होता. एस.जी. आयर्नमध्ये रसात मॅग्नेशियम घालतात, म्हणजे ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतं आणि लोखंडाला चिवटपणा येतो. पण मॅग्नेशियम टिकत नाही. लॅडल दहा-पंधरा मिनिटं रेंगाळली की त्याचा परिणाम ओसरतो, आणि शेवटच्या साच्यांत पडतं ते भलतंच लोखंड. वरून दिसायला तसंच. सवयीने तो शांतपणे ओतत होता. ग्रे आयर्नला त्याची घाई कधी नव्हती. शेवटच्या साच्यांतली कास्टिंगं मागून परत येऊ लागली. त्याचा हात, डोळा, अंगठा तिथं काही सांगत नव्हता.

लॅबमध्ये डिप्लोमा झालेली एक मुलगी होती. तिने त्याला मायक्रोस्कोपखाली दोन तुकडे दाखवले, पहिल्या साच्यातला आणि शेवटच्या. एकात काळे गोल ठिपके, दुसऱ्यात ते फुटून अळ्यांसारखे झालेले. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजे हे घड्याळाचं काम हाय, नजरेचं न्हवं." त्यानंतर लॅडलवर वेळ लिहायची शिस्त त्यानेच लावली, आणि ती इतकी कडक की पोरं कुरकुरायची. त्या मुलीला जे पुस्तकातून माहीत होतं ते शॉपमध्ये लागू करणं तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. तिचं कुणी ऐकलं नसतं. त्याचं ऐकलं. कागदवाला आणि बिनकागदवाला अशी जोडी मुद्दाम लावायची हे मी तिथून शिकले. एरवी त्यांना आपण एकमेकांच्या जागेवर टपलेले म्हणूनच बघतो.

अनुभव माणसाला डोळ्यांसमोर घडलेलं शिकवतो. क्वचित घडणारं, किंवा फार सावकाश घडणारं, तो शिकवू शकत नाही. इंडक्शन भट्टीत भंगार टाकताना त्यात ओलावा असता कामा नये, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप असता कामा नये. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होताना ते हजार पटींहून जास्त फुगतं आणि रस उसळून बाहेर येतो. हे सांगितलं की जुना माणूस म्हणतो, "पंधरा वर्षं टाकतोय, काय झालं न्हाई." पंधरा वर्षं काही झालं नाही हाच त्याचा पुरावा, आणि तेच धोक्याचं. सिलिकाच्या धुळीचंही तसंच. फुप्फुसं खराब व्हायला वर्षं जातात, तोवर मास्क गळ्यातच लटकलेला. इथं शिक्षणाचं काम अनुभवाने होत नाही, कितीही वर्षांचा असला तरी. म्हणून अनुभवावर घेतलेल्या माणसाला सुरक्षेचं प्रशिक्षण माफ करायचं नाही, उलट जास्त द्यायचं, असा आमचा नियम झाला. जुन्या मेस्त्रींना तो अपमान वाटायचा. वाटू द्यावा.

काही जागांना तर कायद्यानेच कागद लागतो आणि ते योग्यच आहे. विजेच्या कामाला परवानाधारक माणूस हवा. १९४८ च्या कारखाना अधिनियमात पाचशे कामगारांवर कल्याण अधिकारी आणि हजारावर सुरक्षा अधिकारी नेमायची तरतूद होती, आणि त्यांची पात्रता नियमांनी ठरवलेली. बॉयलर चालवणाऱ्याची पद्धत मला या सगळ्यांत शहाणपणाची वाटते: आधी बॉयलरवर काम करायचं, मग परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायचं. नुसतं काम पुरत नाही, नुसतं पुस्तकही पुरत नाही.

आता पैशाचं बोलते, कारण या विषयावर बोलताना लोक ते टाळतात. अनुभवावर माणूस घ्यायला मालक तयार का होतो? गुणांची कदर हे एक कारण. दुसरं असं की कागद नाही म्हणजे थोडा कमी पगार चालतो. 'त्याला दुसरीकडे कोण घेणार?' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. मेल्टिंगवाल्या त्या माणसाला पद सुपरवायझरचं दिलं, पगार मात्र एक पायरी खालचा लावला. दोन वर्षांत तो वर आणायचा असं मी फाइलवर लिहून घेतलं होतं, त्यासाठी दर वेळी ती फाइल घेऊन भांडावं लागलं. त्याच्याच हाताखाली सहा महिने शिकलेला डिप्लोमावाला पोरगा काही वर्षांनी असिस्टंट मॅनेजर झाला, हा मात्र तिथंच. मॅनेजरच्या ग्रेडला 'पदवी किंवा डिप्लोमा' अशी अट होती आणि तिथं ते तीन शब्द नव्हते. खालच्या दारावर अनुभवाचं स्वागत आणि जिन्याच्या तोंडाशी कुलूप, असं बहुतेक ठिकाणी आहे.

यावर समर्थन ऐकू येतं ते ऑडिटचं. 'आम्हाला काही नाही हो, ग्राहकाला चालत नाही.' एकदा मोटार कंपनीचा ऑडिटर आला आणि स्किल मॅट्रिक्सवर बोट ठेवून म्हणाला, या सुपरवायझरचं क्वालिफिकेशन? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आय.एस.ओ. ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कामाची सक्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांवर ठरवायची मुभा आहे. अट इतकीच की त्याचा पुरावा ठेवलेला असावा. आमच्याकडे होता. चाचणीच्या दिवशीचा कागद, दोघांच्या सह्या, आणि त्यानंतर त्याने वेज बघून केलेला अंदाज व स्पेक्ट्रोमीटरचे आकडे समोरासमोर लिहिलेली वही. ऑडिटरने वही चाळली, दोन-तीन ठिकाणी आकडे पडताळले आणि पुढच्या खात्याकडे गेला. ग्राहकाला चालत नाही असं नसतं. वही ठेवायचा कंटाळा असतो.

तरीही मी कामगारांना नेहमी सांगत आले की कागद मिळवा. आमच्या कारखान्यात तुमचा अनुभव आम्हाला माहीत आहे. आमचा कारखाना बंद पडला तर तो कुणाला माहीत असणार? वाटा आहेत. आय.टी.आय.मध्ये न शिकलेल्या पण ट्रेडमध्ये काम केलेल्या माणसाला खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसता येतं. ज्यांची शाळाच सुटली त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीपर्यंतची वाट काढून दिली. आमच्या टाइम ऑफिसातले काही जण त्या वाटेने बी.ए., बी.कॉम. झाले. इंजिनिअर व्हायचं असलेल्यांसाठी नोकरी सांभाळून ए.एम.आय.ई. करायची जुनी परंपरा होती. मे २०१३ नंतर नावं नोंदवणाऱ्यांसाठी सरकारी नोकरीपुरती तिची पदवीशी बरोबरी राहिली नाही आणि ती वाट अरुंद झाली. २०१५ नंतर कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाची मान्यता, म्हणजे आर.पी.एल., आलं. वर्षानुवर्षं मोल्डिंग करणाऱ्यांची थोडक्यात उजळणी, मूल्यमापन आणि प्रमाणपत्र. आमच्या काही मोल्डरांनी ते घेतलं. ऑडिटच्या फाइलीत त्याचा उपयोग झाला, पगारात फार फरक पडला नाही. ते घरी फ्रेम करून लावणारेही पाहिले. त्याला मी हसणार नाही. शिक्का मारलेल्या कागदावर स्वतःचं नाव पहिल्यांदाच बघत होते ते.

परीक्षा देऊन कागद मिळवलेला एक फिटर सहा महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे गेला. मालक चिडले. "आपण सुट्टी दिली, फी भरली, आणि हा गेला." मी म्हटलं, तो गेला कारण बाहेर त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त होती, कागदाने फक्त ती दिसायला लागली. त्यांना ते आवडलं नाही. पण फी भरायचं त्यांनी थांबवलं नाही, कारण राहिलेल्यांपैकी बरेच जण त्याच योजनेच्या आशेने राहिले होते.

आता निवृत्तीनंतर दोन-तीन कारखान्यांना मी सल्ला देते. नव्या पिढीचे एच.आर.वाले उत्साहाने सांगतात, आम्ही आता डिग्री बघत नाही, स्किल बघतो. चांगलंच आहे. मी त्यांना चाचणीचे कागद मागते, ते बहुतेकांकडे असतात. मग दुसरी यादी मागते: अनुभवावर घेतलेल्यांपैकी आज किती जण आपल्या पहिल्या ग्रेडच्या वर आहेत, आणि डिप्लोमावाल्याइतका पगार किती जणांना आहे? ही यादी सहसा तयार नसते. तयार करायला सांगितली की त्यात एक-दोन नावं येतात, कधी एकही येत नाही. ज्या कारखान्यात एकही येत नाही, तिथं अनुभवाला शिक्षणाच्या बरोबरीचं मानलेलं नाही. तिथं फक्त कसबी माणूस स्वस्तात घेतलाय, आणि जाहिरातही त्यांनी तशीच द्यावी.